केटे कोलविट्झच्या चित्रांतला मुलगा कुठे गेला?

एका वाचक बाईंनी विचारलं आहे: “केटे कोलविट्झ या जर्मन चित्रकर्तीचं एक चित्र पाहिलं. मेलेल्या मुलाला कवटाळून बसलेली बाई. खाली लिहिलं होतं की पहिल्या महायुद्धात मुलगा मारला गेल्यावर तिने हे काढलं. पोटचा मुलगा गेल्यावर आईचा हात चालतो तरी कसा? आणि याला एक्स्प्रेशनिझम म्हणायचं का?”

मी तीस वर्षं प्रिंटमेकिंग करतो, त्यातली वीसेक वर्षं शिकवतोही. कोलविट्झवर दरवर्षी एक वर्ग घेतो आणि दरवर्षी कोणीतरी हेच विचारतं. म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी ती चित्राखालची ओळ. ती चुकीची आहे. ‘मेलेल्या मुलासह बाई’ हे एचिंग (धातूच्या पत्र्यावरून घेतलेला छाप) १९०३ सालचं. कोलविट्झचा धाकटा मुलगा पीटर मारला गेला ऑक्टोबर १९१४ मध्ये. म्हणजे चित्रात जो निपचित पडलेला दिसतो तो पीटर तेव्हा सात वर्षांचा आणि ठणठणीत होता. तिने स्वतःच एका पत्रात लिहून ठेवलंय: आरशासमोर बसून एका हातावर मुलाला तोललं होतं आणि दुसऱ्या हाताने ती रेखाटन करत होती. हाताला रग लागली, तोंडून कण्हणं बाहेर पडलं. तर हे पोरगं म्हणालं, गप्प राहा आई, चांगलं होणार आहे हे.

आता हे माहीत झाल्यावर चित्र परत बघा. बाई उघडी, मांडी घालून बसलेली, पाय जाडजूड, पाठ एखाद्या जनावरासारखी वाकलेली. मुलाच्या छातीत तिने तोंड खुपसलंय. ती त्याला हुंगते आहे की चावते आहे, क्षणभर कळत नाही. डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही; डोळे दिसतच नाहीत धड. मुलाचं डोकं मात्र मागे लवंडलेलं, आणि सगळ्या चित्रात तोच भाग उजळ. कोलविट्झच्या एका जुन्या मैत्रिणीने हे चित्र अचानक प्रदर्शनात पाहिलं आणि तिच्या पोटात धस्स झालं: छोट्या पीटरला काही झालं की काय? काहीच झालेलं नव्हतं. व्हायला अजून अकरा वर्षं होती.

मग १९०३ मध्ये हे आलं कुठून? दोन जागा सांगता येतात. एक तिचं माहेर. जन्म १८६७चा, क्योनिग्सबर्ग या पूर्व प्रशियातल्या शहरातला (आज ते रशियात आहे, कॅलिनिनग्राड). आईची काही मुलं लहानपणीच गेलेली. धाकटा भाऊ बेन्यामिन तिच्या डोळ्यांदेखत मेंदूज्वराने गेला. आई कधी मोठ्याने रडली नाही, आणि त्या न रडणाऱ्या आईची या मुलीला धास्ती वाटायची. दुसरी जागा म्हणजे नवऱ्याचा दवाखाना. कार्ल कोलविट्झ हा बर्लिनच्या प्रेन्झलाउअर बेर्ग या कामगार वस्तीत विमा मंडळाचा डॉक्टर होता. घर आणि दवाखाना एकाच इमारतीत. तिथे येणाऱ्या बायका पोटच्या पोरांना घेऊन यायच्या, आणि त्यातली कितीतरी पोरं वाचायची नाहीत. बाहेरच्या बाकावर बसलेल्या बायका तिने वर्षानुवर्षं पाहिल्या, ऐकल्या, रेखाटल्या. मूल जाणं ही त्या वस्तीत दर आठवड्याची गोष्ट होती.

हे एवढं फोडून सांगायचं कारण असं की ‘दुःख झालं, म्हणून चित्र निघालं’ हे सरळ सूत्र कोलविट्झला लावलं की तिच्या कामातली खरी गाठ सुटतच नाही. ती गाठ १९१४च्या ऑगस्टमध्ये पडली.

युद्ध सुरू झालं तेव्हा पीटर मित्रांबरोबर नॉर्वेत भटकायला गेला होता. धावतपळत परत आला. वय अठरा. त्याच्या वयाच्या मुलांना अजून बोलावणं नव्हतं. स्वयंसेवक म्हणून जायचं तर वडिलांची परवानगी हवी, कारण तो कायद्याने अज्ञान. कार्लचा ठाम नकार होता. म्हणाला, देशाला तुझी गरज असती तर देशाने तुला बोलावलं असतं. पीटर म्हणाला, माझ्या वयाच्यांची गरज नसेल, पण माझी आहे. आणि मग त्याने आईकडे पाहिलं. १० ऑगस्टच्या संध्याकाळची ही गोष्ट तिने रोजनिशीत नोंदवली आहे: ती उठली, पीटर तिच्या मागोमाग दारापर्यंत आला, दोघं एकमेकांच्या गळ्यात पडली, आणि मग तिने कार्लला विनवलं. जाऊ दे त्याला.

बापाने नाही म्हटलं होतं. आईने हो म्हणायला लावलं.

या आईला युद्धज्वर चढला होता असं मात्र समजू नका. घर समाजवादी विचारांचं. आजोबा ज्युलिउस रुप हे सरकारमान्य चर्चमधून बाहेर पडून स्वतंत्र धर्ममंडळ काढणारे. कर्तव्य, त्याग हे शब्द त्या घरात सहज उच्चारले जात नसत, पण उच्चारले की पाळले जात. मुलगा स्वतःहून स्वतःला देऊ करतोय, तर आपण आड यायचं नाही, असं तिला वाटलं. त्या संध्याकाळला तिने रोजनिशीत ‘ऑप्फर’ म्हटलं आहे. जर्मनमध्ये हा शब्द दुधारी आहे: स्वखुशीने केलेला त्याग तोही ऑप्फर, आणि नाहक मारला गेला तोही ऑप्फर. इंग्रजीत अनुवाद करणाऱ्यांना तिथे दोन वेगळे शब्द वापरावे लागतात आणि पंचाईत होते. मराठीला होत नाही. आपण बळी देतो आणि माणसं बळी जातात. शब्द एकच. देणारा कोण आणि गेलेला कोण, हे क्रियापदावरून कळतं. कोलविट्झचं पुढचं सगळं आयुष्य त्या दोन क्रियापदांच्या मध्ये गेलं, असं मी वर्गात सांगतो.

पीटर ऑक्टोबरच्या मध्यावर आघाडीवर निघाला. जेमतेम दहा दिवसांनी, २२ आणि २३ ऑक्टोबरच्या दरम्यानच्या रात्री, बेल्जियममध्ये डिक्समाउडजवळ तो मारला गेला. घरी कळलं ३० तारखेला.

आता तुमचा प्रश्न, हात चालतो कसा. चालत नाही. म्हणजे चालतो, पण पुढे जात नाही. त्याच डिसेंबरात तिने पीटरच्या स्मारकाची कल्पना मांडली. तिकडे नंतर येतो. युद्धावरच्या चित्रांचं म्हणाल तर तिने ती आधी एचिंगमध्ये करून पाहिली, मग लिथोग्राफमध्ये (दगडावर काढून छापलेलं चित्र), आणि एकामागून एक बाजूला ठेवली. ही बाई तोवर युरोपातल्या उत्तम एचिंग करणाऱ्यांपैकी होती. ‘विणकरांचं बंड’ या तिच्या मालिकेला १८९८ मध्ये सुवर्णपदक द्यावं अशी शिफारस परीक्षकांनी केली होती आणि जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मने ती उडवून लावली होती. ‘शेतकरी युद्ध’ ही सात एचिंगची मालिका तिने १९०८ मध्ये पुरी केली होती. म्हणजे तंत्र हातात मुरलेलं. तरी १९१४ नंतर ते तंत्र तिला उपयोगी पडेना.

का, ते समजायला एचिंग आणि वुडकट यातला हाताचा फरक ध्यानात घ्यावा लागेल. एचिंगमध्ये धातूच्या पत्र्यावर मेणाचा थर देतात, त्यावर सुईने ओरखडतात आणि पत्रा ॲसिडमध्ये बुडवतात. ओरखडलेल्या जागी ॲसिड खातं, त्या खाचेत शाई बसते. कागद आधी पांढरा; तुम्ही त्यात काळं भरत जाता. शिवाय हवं तितकं बारीक जाता येतं. गालावरची सुरकुती, नखाखालची माती, सगळं काढता येतं. वुडकटचं उलटं. तिथे फळी अख्खी काळी असते असं धरून चालायचं, आणि गाउज (कोरायची पटाशी) मारला की त्या जागी पांढरं येतं. काळं तुम्हाला आयतं मिळालेलं असतं. काढायचा असतो तो उजेड. आणि लाकूड तुमचं ऐकेलच असं नाही. रेषेला आडवं गेलात की कपची उडते. उडाली की उडाली, ती परत बसवता येत नाही.

जून १९२० मध्ये बर्लिनच्या एका प्रदर्शनात तिने जर्मन शिल्पकार एर्न्स्ट बार्लाखचे वुडकट पाहिले आणि ती हादरली. आपण इतके दिवस चुकीच्या वाटेवर आहोत, अशा अर्थाची नोंद तिने केली. वय बावन्न. त्या वयात तिने नवं हत्यार हातात घेतलं. माझ्याकडे चाळिशीतले विद्यार्थी “आता काय लिनो शिकायचं” म्हणून कुरकुरतात, त्यांना मी हे मुद्दाम सांगतो.

त्यातून आली ‘युद्ध’ ही मालिका. सात वुडकट, १९२१-२२च्या आसपास कोरलेले, संच म्हणून १९२३ मध्ये प्रसिद्ध. बळी, स्वयंसेवक, आई-बाप, विधवा (दोनदा), माता, लोक. नावं बघा. पुढच्याच वर्षी जर्मन चित्रकार ओटो डिक्सने ‘युद्ध’ याच नावाने पन्नास एचिंगचा संच काढला. डिक्स मशीनगन घेऊन खंदकात राहून आलेला. त्याच्याकडे चिखल आहे, कवट्या आहेत, त्यात वळवळणारे किडे आहेत, विषारी वायूचे मुखवटे आहेत. कोलविट्झच्या संचात बंदूक नाही, शत्रू नाही, रणांगण नाही. फक्त मागे राहिलेले, आणि निघालेले. दोन्ही संच थोर आहेत. पण डिक्स पाहून मला शिसारी येते आणि मी पान उलटतो. कोलविट्झचं पान उलटता येत नाही.

पहिलं पान, ‘बळी’. नागडी आई, डोळे मिटलेले, दोन्ही हातांनी तान्हं मूल पुढे उचलून धरलंय. मागे काळा झगा गुहेसारखा पसरलाय. ती ते मूल कोणाला देते आहे? समोर कोणीच नाही. समोर आपण आहोत. आणि ती देते आहे की शेवटच्या क्षणी मागे ओढते आहे, हे मी गेली कित्येक वर्षं ठरवू शकलेलो नाही. १० ऑगस्टची संध्याकाळ आठवा आणि मग या चित्राकडे बघा. तान्ह्या मुलाची संमती नसते. अठरा वर्षांच्या पीटरने स्वतः हट्ट धरला होता, पण चित्रात तिने त्याला तान्हा केला. त्याचा हट्ट पुसून टाकला आणि देण्याची सगळी जबाबदारी आईच्या दोन हातांवर आणून ठेवली. स्वतःवर एवढा कठोर आरोप मी दुसऱ्या कुठल्या चित्रात पाहिलेला नाही.

दुसरं, ‘स्वयंसेवक’. मृत्यू ढोल बडवत पुढे निघालाय आणि त्याच्या मागे पोरं. चेहरे वेडावलेले, तोंडं उघडी. ती गाताहेत की किंचाळताहेत कळत नाही. ही पोरं म्हणजे पीटर आणि त्याचे मित्र. मृत्यूला सगळ्यात बिलगून आहे तो पीटर.

आणि तिसरं, ‘आई-बाप’. वर्गात मी यावरच थांबतो. दोन माणसं गुडघ्यांवर बसलेली, इतकी एकमेकांत शिरलेली की काळा एकच डोंगर दिसतो. बापाने एका हाताने तोंड झाकलंय, दुसऱ्याने बाईला धरलंय. बाई त्याच्यात कोसळलेली, चेहरा पार आत. म्हणजे दोन माणसं, आणि चेहरा एकही नाही. दिसतात ते हात, पाठीचे वळसे आणि त्यावरून गेलेल्या थोड्या पांढऱ्या रेघा. याची आधीची एक आवृत्ती तिने टाकून दिली होती. फार उजळ, फार टणक, फार स्पष्ट झाली, असं तिचं म्हणणं. दुःख अगदी काळं असतं, असं तिने लिहिलंय.

हे वाक्य काव्यात्म वाटतं, पण माझ्या दृष्टीने ते कारागिराचं वाक्य आहे. मी मुलांना प्लायवूडचा तुकडा देतो, तो आधीच काळ्या शाईने रंगवून घ्यायला सांगतो, म्हणजे प्रत्येक घाव कोरतानाच पांढरा दिसतो. विषय एकच: दोन माणसं, एक बातमी. आणि घाव मोजून चाळीस. दहातली नऊ मुलं सगळ्यात आधी डोळे कोरतात. मग अश्रू. मग उघडं तोंड. तीस घाव तिथेच संपतात आणि खाली उरतं ते नाटकातल्या मुखवट्यासारखं काहीतरी. मग मी त्यांना तेच चित्र चेहरा न दाखवता करायला लावतो. वैतागतात. एक मुलगी तर फळी टाकून गेली होती. दुसऱ्या दिवशी आली आणि तिने फक्त एका बाईची मान आणि मानेवरची बोटं कोरली. बाकी काळं. चाळीसपैकी बावीस घाव. तो ठसा अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

आता एक्स्प्रेशनिझमचं. डोळ्यांना दिसतं तसं काढण्यापेक्षा आतून वाटतं तसं काढायचं, त्यासाठी आकार मोडायचे, रंग भडक किंवा नाहीसे करायचे, हे जर एक्स्प्रेशनिझमचं लक्षण धरलं, तर ‘युद्ध’ मालिका त्यात बसते. ड्रेस्डेनच्या ‘ब्र्युके’ या चित्रकार गटातल्या मंडळींनी १९०५ नंतर वुडकटला जो नवा रांगडेपणा दिला, त्याच्याशिवाय तिचं हे काम झालं नसतं. पण ती त्यांच्यातली नव्हती. वयाने त्यांच्याहून मोठी, शिकलेली वास्तववादात, आणि तिला कलेसाठी कला हा प्रकार परवडणारा नव्हता. १९२२च्या अखेरीस तिने सरळ लिहिलं की माझ्या कलेला हेतू आहे हे मला मान्य आहे. माणसं इतकी गोंधळलेली आणि मदतीची गरज असलेली असताना मला काहीतरी परिणाम करायचाय. कलेच्या पुस्तकांत तिला कधी या खणात टाकतात, कधी त्या. परीक्षेत विचारलं तर ‘एक्स्प्रेशनिझमच्या जवळची’ लिहा, गुण मिळतील. मला स्वतःला त्या लेबलापेक्षा शेजार महत्त्वाचा वाटतो: शिल्पकार लेमब्रुकचा ‘कोसळलेला’, गुडघे आणि डोकं जमिनीला टेकलेला नग्न जवान, १९१५-१६चा, बार्लाखचा ग्युस्ट्रोच्या चर्चमध्ये आडवा तरंगणारा देवदूत, १९२७चा, ज्याचा चेहरा कोलविट्झसारखा झाला. मुद्दाम केला नव्हता, आपोआप तसा आला, असं बार्लाख म्हणायचा. नाझींनी तो देवदूत उतरवून वितळवला. गुपचूप ओतवून लपवून ठेवलेल्या दुसऱ्या प्रतीमुळे आज तो पुन्हा आहे.

नाझींनी तिला काय केलं ते थोडक्यात. प्रशियाच्या कला अकादमीत १९१९ मध्ये निवडली गेलेली ती पहिली बाई; १९३३ मध्ये तिला राजीनामा द्यायला लावला. १९३६ मध्ये गेस्टापो, म्हणजे नाझींचे गुप्त पोलीस, घरी येऊन दम देऊन गेले. चित्रं प्रदर्शनांतून काढली गेली. कार्ल १९४० मध्ये गेला, बर्लिनचं घर १९४३ मध्ये बाँबने उद्ध्वस्त झालं. ती स्वतः २२ एप्रिल १९४५ला ड्रेस्डेनजवळ मोरित्सबुर्गमध्ये वारली, युद्ध संपायला थोडे दिवस उरले असताना.

त्या काळातल्या दोन कृती मात्र घाईत सोडता येत नाहीत.

पहिली, १९३७-३९ची छोटी ब्राँझ मूर्ती, फुटाहून थोडी उंच. म्हातारी आई, गुडघ्यांच्या मध्ये मेलेला मुलगा. ती यावर काम करत असल्याची रोजनिशीतली नोंद २२ ऑक्टोबर १९३७ची आहे, म्हणजे पीटर गेला त्या तारखेची. मायकेलअँजेलोच्या पिएतात (मेलेल्या ख्रिस्ताला मांडीवर घेतलेली मेरी) मुलगा आईच्या मांडीवर आडवा ठेवलेला असतो, जगाला दाखवावा तसा. इथे तो तिच्या दोन पायांच्या मध्ये आखडून बसलाय, जिथून आला तिथेच परत शिरतोय. आई त्याच्याकडे बघून आक्रोश करत नाही. ती विचारात पडली आहे. तिनेच लिहिलंय की यात आता दुःख नाही, विचार करणं आहे.

याच मूर्तीची चौपट मोठी प्रतिकृती १९९३ पासून बर्लिनच्या नॉये वाखे या स्मारकात ठेवली आहे. छताला गोल भोक आहे, त्यातून ऊन, पाऊस, बर्फ थेट मूर्तीवर पडतं. मी गेलो होतो तेव्हा तिच्या खांद्यावर बर्फ साचलेला होता, आणि एक आजोबा टोपी काढून उभे होते. हे दृश्य कोणालाही हलवेल. पण त्यावर तेव्हा कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि माझ्या मते भांडणाऱ्यांचं बरोबर होतं. जमिनीवर अक्षरं आहेत: युद्ध आणि जुलमी सत्तेच्या बळींना. पुन्हा तेच ‘ऑप्फर’. इतिहासकार राइनहार्ट कोझेलेक यांचा आक्षेप होता की पिएता ही ख्रिस्ती प्रतिमा आहे, तिच्यात ज्यू कुठे बसतात? आणि मुलगा मेला, आई उरली, अशी ही मूर्ती आहे. पण त्या युद्धात आयाही लाखांनी मारल्या गेल्या, त्यांच्यासाठी रडायला कोणीच उरलं नाही. जो शब्द कोलविट्झने स्वतःला बोचकारत वापरला, तोच सरकारी दगडावर आल्यावर मारणारे आणि मरणारे एकाच पोत्यात गेले. शिवाय, हे कारागीर म्हणून: तळहाताने कुरवाळता येईल अशी केलेली वस्तू चौपट केली की तिचं वजन वाढतं, जवळीक जाते.

दुसरी कृती, १९४१च्या अखेरचा लिथोग्राफ, ‘बियाणं दळायचं नसतं’. ओळ जर्मन कवी ग्योएटची (आपण गटे म्हणतो तो). कोलविट्झने ती पहिल्यांदा उघडपणे वापरली ऑक्टोबर १९१८च्या अखेरीस. कवी रिचर्ड डेमेल याने युद्ध हरत आलं असताना आणखी स्वयंसेवक मागितले, तेव्हा तिने वर्तमानपत्रात जाहीर उत्तर दिलं: पुरे झालं, आता एकही मरता कामा नये, बियाणं दळायचं नसतं. शेतकऱ्याच्या घरी हे समजावून सांगावं लागत नाही. दुष्काळात घरात दाणा नसला तरी पेरणीची कणगी कोणी जात्यावर रिकामी करत नाही. चित्रात एक दांडगी म्हातारी दोन्ही हात पसरून तीन पोरांना पदराखाली घेऊन आहे. तिच्याकडे झगा आहे, पदर नाही, पण क्रिया तीच. पोरं मात्र भेदरलेली नाहीत. डोकी बाहेर काढून बघताहेत, पळू पाहताहेत, आणि ही त्यांना जोर लावून दाबून धरते आहे. १९१४ मध्ये जे करायचं राहिलं, ते चौऱ्याहत्तराव्या वर्षी तिने कागदावर केलं.

पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९४२ मध्ये, तिचा नातू रशियात र्झेव्ह इथे मारला गेला. थोरल्या हान्सचा मुलगा. नाव पीटर. म्हणजे दोन्ही वेळा चित्र आधी झालं आणि मरण मागून आलं.

ही चित्रं जर्मनीबाहेर कशी पोचली हाही एक विषय आहे. चीनमध्ये लेखक लू शुन यांनी १९३१ मध्ये ‘बळी’ हा वुडकट एका नियतकालिकात छापला, गोळ्या घालून मारलेल्या आपल्या तरुण लेखक मित्राच्या आठवणीसाठी. त्या मित्राची आई आंधळी होती. तिला चित्र दिसणार नव्हतं. लू शुन यांच्यामुळे चिनी वुडकटची चळवळ उभी राहिली, आणि तिचे ठसे बंगालच्या दुष्काळात काम करणाऱ्या आपल्या डाव्या चित्रकारांपर्यंत आले. त्यातले चित्तप्रसाद पुढे अंधेरीत येऊन राहिले आणि तिथे एका खोलीत वर्षानुवर्षं लिनो कोरत बसले. मुंबईच्या मुलांना मी कोलविट्झ शिकवतो तेव्हा हे सांगतो. बर्लिन लांब आहे, अंधेरी लोकलच्या टप्प्यात.

आता ते स्मारक, जे मी मागे ठेवलं होतं.

डिसेंबर १९१४ची पहिली कल्पना अशी: पीटर आडवा पडलेला, बाप डोक्याशी, आई पायांशी. बर्लिनबाहेर हाफेल नदीवरच्या उंचवट्यावर ते बसवायचं. म्हणजे मध्यभागी मुलगा. ती वर्षानुवर्षं मातीत झगडली. रोजनिशीत पीटरशी बोलते. १९१६ मध्ये त्याला विचारते की आता मला या युद्धात नुसता वेडेपणा दिसतो, ही तुझ्याशी बेइमानी तर नाही? हा प्रश्न तिला खरोखर नडत होता. युद्ध वेडेपणा ठरलं तर मुलगा फुकट गेला, आणि तो फुकट जाण्यात आपला हात होता. युद्ध पवित्र ठरवावं तर खोटं बोलावं लागतं. अशा मनाने मध्यभागी पडलेल्या मुलाला कोणती मुद्रा देणार? वीराची? ती तिला देववेना. १९१९ मध्ये तिने काम थांबवलं, मी परत येईन असं त्याला सांगून.

पाच-सहा वर्षांनी ती परत आली तेव्हा मुलगा काढून टाकला होता. उरले दोघेच, आई आणि बाप, वेगवेगळ्या चौथऱ्यांवर, मध्ये मोकळी जागा. वुडकटमधले आई-बाप एकमेकांत शिरलेले होते, दगडातले एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. बाप ताठ गुडघ्यांवर, स्वतःच्या हातांनी स्वतःला आवळून धरलेला. आई पुढे वाकलेली, हात अंगाशी घेतलेले. मूल गेल्यावर एकाच घरात राहणारी दोन माणसं कशी वेगवेगळी दुःख करतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ती मोकळी जागा कळेल. १९२६ मध्ये ती आणि कार्ल बेल्जियममधल्या रोखेवेल्डेच्या दफनभूमीत जाऊन जागा पाहून आले. मूर्ती ग्रॅनाइटमध्ये होऊन १९३२च्या जुलैत तिथे बसल्या. पन्नाशीच्या दशकात त्या कबरींसकट व्लाड्स्लोला हलवल्या. तिथे पंचवीस हजारांहून जास्त जर्मन सैनिक पुरलेत, आणि पीटरचं नाव मूर्तींसमोरच्या सपाट दगडावर इतर नावांच्या रांगेत आहे. बापाची नजर तिकडे जाते.

व्लाड्स्लोला मी गेलेलो नाही. कोलोनला याची प्रतिकृती पाहिली, आल्ट सांक्ट आल्बान या बाँबने छप्पर उडालेल्या चर्चच्या अवशेषांत. लोखंडी जाळीतून बघावं लागतं, आत जाता येत नाही. तिसरी जोडी २०१४ पासून र्झेव्हला आहे, जिथे नातू गेला तिथे.

तुमच्या ‘हात कसा चालतो’ या प्रश्नाला अठरा वर्षं हे एक उत्तर आहे. त्याने मन मोकळं झालं का, हे विचाराल तर १९३२च्या ऑगस्टमधली तिची नोंद सांगतो. मूर्ती बसवून झाल्या होत्या. निघण्याआधी कार्ल आणि ती दोघंच शेवटचे तिथे गेले. ती दगडाच्या बाईसमोर उभी राहिली. चेहरा तिचाच होता. तिला रडू आलं आणि तिने त्या बाईच्या गालांवरून हात फिरवला. कार्ल अगदी जवळ, पाठीमागे उभा होता, तिला कळलंही नव्हतं. तो हळूच पुटपुटत होता: हो, हो.